गोळ्या वाढल्या

माही सासू बयनाबाई बोथच्या बाजारात वांग्याच्या भावावरून दलालाच्या सात पिढ्या उद्धरते, पन घरातलं तेल संपलं असं तिच्या तोंडून कदी निघत नाही. तेल वाढलं म्हनते. मीठ वाढलं, कुंकू वाढलं, बांगडी फुटली तरी वाढलीच. संपलं म्हटलं का वास्तू तथास्तु म्हनते अन् खरंच संपते, असं तिचं म्हननं. आमच्याकडं सगळ्याच बाया असं बोलतात, मीबी बोलते. पन कुठं बोलाव अन् कुठं नाही, याले काही ताळतंत्र हाय का नाही?

माह्या सासऱ्याले, चंपतराव मामाजीले, तिनं आपली एक किडनी देली. हैद्राबादेत आपरेशन झालं. अंगानं ती किडनी परकी समजून हाकलू नये म्हनून मामाजीले जन्मभर दोन टाइम गोळ्या. त्या बोथात भेटत नाहीत, हैद्राबादहून बसच्या पार्सलनं येतात. गोळ्यात खाडा पडला का किडनीचा भरवसा नाही, हे डाक्टरनं आमाले दहादा बजावलं होतं.

मंग तो प्रज्वल आला. दवाखान्यासाठी मोबाइलचं ॲप बनवनारा. पोरगा चांगला, पन मराठी सगळी पुस्तकातली. पेशंटले अन् घरच्याईले इचारूनच ॲप बनवाचं म्हने, म्हनून आमच्या ओट्यावर बसून त्यानं दोन दिवस डोकं खाल्लं. सासूले वाचता येत नाही, म्हनून बोलनारं ॲप केलं. रोज संध्याकाळी फोन इचारनार, "गोळ्या किती आहेत?" हिनं सांगाचं. कमी असल्या का पार्सल आपोआप निघनार. सासू इतकी खूश का फोनसंगं जे गोड बोले, ते माह्यासंगं अठरा वर्षांत बोलली नाही.

झालं. गोळ्या सरत आल्या. हिनं फोनले सांगितलं, गोळ्या वाढल्या बापू. फोनले वाटलं, लय झाल्या. त्यानं पार्सल थांबवलं. दुसऱ्या दिवशी पार्सल नाही म्हनून ही आनखी जोरात वरडली का लय वाढल्या रे, त फोननं पार्सल आनखी पुढं ढकललं. मी इचारलं, आत्याबाई, गोळ्याचं सांगितलं का? सांगितलं म्हने. अन् ही माय उरलेल्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून मामाजीले देऊन राह्यली होती. मले कायले सांगन! मामाजीचे पाय सुजले, लघवी कमी झाली, तवा कुठं मले समजलं. जीप करून हैद्राबाद गाठलं. किडनी वाचली, पन थकली. पुन्हा असं झालं त हातची जाईन, डाक्टरनं साफ सांगितलं.

प्रज्वल तोंड पाडून परत आला. वाढल्या म्हनजे संपल्या, असं फोनले शिकव ना, मी म्हटलं. त म्हने, डाक्टर डोस वाढवते तवाबी लोक गोळ्या वाढल्या म्हनतात, मग फोननं समजाव काय? बरं, 'गोळ्या पाठवू का' असं इचारून पाह्यलं, त ही रोज 'पाठव'. नवऱ्याच्या गोळ्याले नाही कसं म्हनाव म्हने! डब्यावर डबे आले. मी हात टेकले. शेवटी प्रज्वल हात जोडून म्हने, आजी, संपल्या असतील तर फक्त संपल्या म्हणा.

सासूनं मान हलवून नाही म्हटलं. मामाजी खाली पाहून राह्यले. माहं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "संपल्या म्हटल्यानं कोनी मरत नाही, आत्याबाई. न म्हटल्यानं मरत होते."

सासू वरडन असं वाटलं होतं. वरडली नाही. म्हने, "एक किडनी देऊन बसली. दुसरी देते म्हटलं, त डाक्टर घेत नाही. आता त्याईच्यासाठी माह्यापाशी तोंडच राह्यलं. ते कसं अभद्र करू?"

प्रज्वलनं पेन खाली ठेवला. मी तिच्या हातातून फोन घेतला अन् म्हटलं, द्या इकडं, आजपासून मी सांगन.

गोळ्याचं एक पाकीट सरत आलं, तवा मी फोन घेऊन घराबाहेर गेली. घरात नको म्हटलं, उगी हिची कटकट. रस्त्यावर उभी राह्यली. फोननं इचारलं. मी वास्तू-बिस्तू काही मानत नाही, तरी फोनले दोनदा इचाराले लावलं. शेवटी म्हटलं, "संपल्या." अन् चप्पल तिथंच टाकून घरात पळाली, मामाजी खाटेवर बसून चहा पिऊन राह्यले का नाही ते पाहाले.