लेकीच्या गाडीतलं मोठं इंजिन

मिस्त्री चिडला की पाना खाली ठेवायचा. हातात पाना असेपर्यंत तो कितीही बडबडला तरी काळजी नसायची. पाना ठेवून तो चिंधीने बोटं पुसायला लागला, की समोरच्याने जरा मागे सरावं.

त्याच्या रागाचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं. कोणीतरी काम अर्धवट सोडलेलं असायचं. वॉशर न घालता नट आवळलेला, गळतीवर साबण फासून वेळ मारून नेलेली. गिऱ्हाइकाला उशीर झाला तर होऊ दे, पण लावलेलं बॉनेट परत उघडायची पाळी येऊ नये, असं त्याचं म्हणणं. मी शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचं काम करायचो. मीही त्याच मताचा. घाईत उरकलेलं काम ही चोरीच असते. फरक इतकाच, की चोर निदान तोंड लपवतो.

त्याचा आणखी एक नियम होता आणि आमच्या धंद्यात तो बरेच जण पाळतात. दुसऱ्याने उघडलेल्या इंजिनाला हात लावायचा नाही. ज्याने उघडलं त्यानेच निस्तरावं. मधे हात घातला की आधीच्याची सगळी पापं आपल्या माथी येतात.

मिस्त्रीच्या थोरल्या लेकीची लाँड्री होती. टेकडीवरच्या लॉजमधल्या चादरी, अभ्रे, टॉवेल खाली आणायचे, धुऊन इस्त्री करून परत वर पोचवायचे. त्यासाठी तिच्याकडे एक छोटी गाडी होती. मागची सीट काढून तिथे गठ्ठे रचलेले असत. रिकामी असली की गाडी बरी पळायची. गठ्ठे घेऊन चढाला लागली की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. लेकीची तक्रार खरी होती. त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

एका सकाळी जावई गॅरेजमध्ये आला. त्याचं टायरचं दुकान होतं. माणूस बोलघेवडा, पण वाईट नाही. त्याच्या मागोमाग हातगाडीवरून एक इंजिन आलं, मोडीत निघालेल्या व्हॅनचं.

"अप्पा, हे हिच्या गाडीत टाकायचं," तो म्हणाला. "मापं घेतलीत मी. बसतंय."

"म्हैससुद्धा पाळण्यात बसेल, जावईबापू. दोऱ्यांना विचारलंत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे थांबणार कशाने ही? ब्रेक तेच ठेवणार? पुढच्या स्प्रिंगा तेवढं वजन घेतील? गिअरबॉक्स ह्या इंजिनाचा मार खाईल? आधी ब्रेक, मग स्प्रिंगा, मग माउंटिंग, इंजिन सगळ्यात शेवटी. तुम्ही छप्पर विकत आणलंत आणि आता विचारताय, भिंती कुठे घालू."

"बरं, मग किती दिवस?"

"महिना. जास्तच लागेल."

"महिनाभर गाडी उभी ठेवली तर लॉजवाले दुसरीकडे जातील." जावयाने आवाज खाली आणला. "घरचंच काम आहे अप्पा. थोडं चालवून घ्या ना."

मिस्त्रीने पाना ठेवला आणि चिंधी उचलली.

"चालवून घेणारे पुष्कळ पडलेत. त्यांच्याकडे जा. माझ्या हातून हे होणार नाही."

जावई खरंच गेला. बाजारापलीकडच्या गॅरेजवाल्याने दोन दिवसांत इंजिन बसवून दिलं. दोन दिवसांत. आम्हाला तेवढा वेळ जुनं इंजिन सोडवून पुसायला लागला असता.

लेक गाडी दाखवायला आली. मिस्त्री एका जीपखाली उताणा पडला होता. बाहेर आलाच नाही.

"अप्पा, भरलेली गाडी वर तिसऱ्या गिअरमध्ये गेली."

"ऐकू आला आवाज," जीपखालून उत्तर आलं.

ती थोडा वेळ त्याच्या बुटांकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली. मी म्हणालो, "एकदा बॉनेट उचलून बघायचं तरी."

"दुसऱ्याने उघडलंय."

"लेक तुझी आहे."

"तिला नवरा आहे."

त्यानंतर त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही. चहा गार झाला म्हणून चिडायचा आणि गरम असला तरी चिडायचा. लेकीच्या घरी जाणंही त्याने बंद केलं.

मग एका दुपारी लेकच आली. त्याचे कामाचे कपडे ती धुऊन आणायची. ते बाकावर ठेवून ती स्टुलावर टेकली आणि उजवी मांडी दाबत बसली. मिस्त्री चहा पीत होता.

"काय झालं पायाला?"

"काही नाही. भरून येतो संध्याकाळपर्यंत. ब्रेक जरा कडक आहे."

"कडक म्हणजे?"

"जोर द्यावा लागतो. उतारावर तर सीटला पाठ टेकवून उभंच राहते मी ब्रेकवर. तो गॅरेजवाला म्हणाला, नवीन आहे, सुटेल हळूहळू."

मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बॉनेट उचललं. मीही मागे गेलो. इंजिन पार ड्रायव्हरसमोरच्या पत्र्याला जाऊन भिडलं होतं. तिथे एक गोल काळा डबा असायला हवा. त्याला बूस्टर म्हणतात. ब्रेकवर दिलेला पायाचा जोर तो कैक पटींनी वाढवतो. डबा नव्हता. मोठ्या इंजिनाला जागा करायला त्यांनी तो काढून टाकला होता आणि पेडलचा दांडा लांबवून थेट पुढे जोडला होता. व्हॅनचं इंजिन, मागे चादरींचे गठ्ठे, टेकडीचा उतार, आणि हे सगळं थांबवायला एका बाईचा पाय.

"चावी दे," मिस्त्री म्हणाला.

"उद्या माल पोचवायचाय अप्पा."

"चावी दे म्हणतो ना."

जावयाला फोन करून बोलावून घेतलं. तो घाम पुसत आला.

"तुम्हाला माहीत होतं?" मिस्त्रीने विचारलं.

"तो म्हणाला, डबा मधे येतोय. ब्रेक लागतो, फक्त पाय जरा दाबून द्यायचा. मी स्वतः चालवून बघितली. लागला की."

"कुठे बघितलीत?"

"दुकानासमोर."

"मागे गठ्ठे होते?"

जावयाने परत घाम पुसला. टायर उचलून उचलून त्याचं अंग दगडासारखं झालं होतं.

"जावईबापू, तुमची मांडी बघा आणि तिची बघा. तुमच्या पायाला लागला म्हणून तिच्या पायाला लागणार होय? रोज ती टेकडीवरून जीव मुठीत धरून उतरत होती. आणि तुम्ही दुकानात बसून लोकांना सांगत होतात, आमची गाडी कशी पळते."

"अप्पा, मला खरंच वाटलं नव्हतं..."

"वाटायला आधी बघावं लागतं."

"त्यांना बोलून झालं असेल तर माझंही ऐका," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आम्ही आधी तुमच्याकडेच आलो होतो. तुम्ही बरोबरच बोललात. पण बोलून हात पुसून मोकळे झालात. गाडी दारात उभी केली मी, तरी बघितली नाहीत. तुम्हाला राग आला की तुमचं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं."

मिस्त्रीने बॉनेटखाली परत एकदा वाकून बघितलं. जावयाला विचारलं, "जुनं इंजिन कुठंय?"

"त्यानेच ठेवून घेतलं. भंगारात गेलं असेल."

मिस्त्रीने त्या गॅरेजवाल्याला एक शिवी घातली, ती इथे लिहीत नाही. आता परतीची वाट नव्हती. गाडी रस्त्यावर आणायची तर हेच इंजिन नीट बसवावं लागणार होतं. दुसऱ्याने उघडलेलं, दुसऱ्याने बिघडवलेलं. त्याने बाह्या सारल्या आणि बॅटरीची वायर सोडली.

जावयाला त्याने दुपारचं दुकान बंद करायला लावलं. "धरा. वर. अजून वर. टायर नाही तो, हलवू नका." इंजिन बाहेर काढलं. इंजिन ज्यांवर बसतं ती जुनी माउंटिंग मी कापून नवी केली, म्हणजे ते थोडं पुढे आणि खाली बसेल. माझं एक वेल्डिंग त्याने हातोडा मारून तोडलं आणि म्हणाला, "दिसायला छान आहे. भिंतीवर टांग." मी भडकलो, पण ते तुटलं होतं हे खरंच. परत केलं. बूस्टर जागेवर आला, पुढच्या चाकांना मोठे ब्रेक, जाड स्प्रिंगा. महिन्याच्या वर दिवस गेले. चादरी भाड्याच्या टेम्पोतून जात होत्या. तेवढ्यात एका लॉजवाल्याने काम काढून घेतलं. लेकीने हे बापाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ऐकलं," आणि परत गाडीखाली गेला.

गाडी झाल्यावर मिस्त्रीने मागे ओले गठ्ठे भरायला लावले, कारण ओले जास्त जड. टेकडीवर नेली ती त्याने. उताराला लेक म्हणाली, "मी चालवणार. पाय माझा आहे." तो मुकाट्याने बाजूला सरकला. आम्ही दोघे, म्हणजे मी आणि जावई, गठ्ठ्यांच्या कडेला कसेबसे कोंबलेले.

दर वळणावर तो म्हणायचा, "थांबव." ती थांबवायची. गाडी जागच्या जागी उभी राहायची. जावई हसत मला म्हणाला, "लोण्यासारखा लागतोय."

खाली पोचल्यावर मिस्त्री उतरला. एकेका चाकापाशी वाकला, वास घेतला, हात जवळ नेला. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबून परत वाकला.

"हे तापलंय. ब्रेक सुटत नाहीये पुरता. खोलावं लागेल."

"अप्पा, लागतोय की चांगला," जावई म्हणाला. "आज माल पोचवू, उद्या..."

मिस्त्री काही बोलायच्या आत लेकीने आरशातून नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग बाप आत बसल्यावर तिने गिअर टाकला आणि गाडी गॅरेजकडे वळवली.