बोट ठेवा ना, आजोबा!

चार वर्षं गेम बनवतोय, सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. अंधेरीच्या एका डे-केअरमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या आजीआजोबांसाठी टॅबवरचे गेम करायला घेतले आणि दीड महिन्यात किश्शांचं पोतं भरलं. पवईत बसलेल्या आमच्या साहेबांची अट एकच: दीड महिना भरतो त्या शुक्रवारपर्यंत कुणीतरी एक गेम शेवटपर्यंत खेळून दाखवायचा. नाहीतर प्रोजेक्ट बंद, टॅब परत!

*

पहिला गेम गणपतीचा. चित्राचे तुकडे जुळवायचे. याला कोण नाही म्हणणार?

चित्र आलं, सगळ्यांनी हात जोडले. मग त्याचे तुकडे झाले आणि सावंत आजी किंचाळल्या, "मेल्या, देव फोडलंस!"

दिवसभर टॅबला कुणी हात लावला नाही.

*

देव काढला, फुलं टाकली. जोशी आजोबा, जुने शाळामास्तर, बोट जिभेला लावून मगच स्क्रीनवर टेकवायचे. ओल्या बोटाने फुलं कुठेही पळायची.

"आजोबा, कोरडं बोट ठेवा ना!"

"कोरड्या बोटाने दोन पानं उलटतात रे एकदम. शिकला नाहीस का कधी?"

*

बरोबर उत्तराला टाळ्या ही माझ्यासोबत गेम बनवणाऱ्या मंदारची आयडिया. टाळ्या वाजल्या की पाहुणे आले समजून अख्खा हॉल उठून उभा राहायचा! परत बसवेपर्यंत गेम बंद पडलेला.

"टाळ्या काढ," मी म्हटलं.

"टाळ्यांशिवाय कसला गेम, यार?"

"मग तू वाजव!"

खरं सांगतो, मला रडायला येत होतं.

*

शुक्रवार. शेवटची आशा वेसाव्याच्या हिराबाई. जन्मभर मासे विकले. लेक सुनंदा रोज सोडायला येते, पण गेलं वर्षभर त्या तिला ओळखत नाहीत, ताई म्हणतात.

आम्ही मासळीबाजार बनवला होता. टोपलीतले आठ मासे बोटाने गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायचे, टोपली रिकामी झाली की गेम पूर्ण. मी दाखवायला एक मासा उचलायला गेलो, तर हातावर फटका.

"पयले भाव कर!"

मग सुनंदाच गिऱ्हाईक होऊन समोर बसली. घासाघीस झाली की मासा पिशवीत. दोन, चार, सात! साहेब व्हिडिओ कॉलवर बघत होते. उरलं एकच पापलेट, सगळ्यात मोठं.

"आये, ते पन दे ना," सुनंदा म्हणाली.

हिराबाईंनी पापलेटावर पंजा ठेवला.

"ये नाय मिलायचं, ताई. माझे पोरीला ठेवलंय."