दुसऱ्या नळीची गोष्ट

दुनळी चाचा बोलू लागले की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटत असे आणि दोन्ही हात उजव्या खांद्याशी जाऊन एका अदृश्य बंदुकीला आधार देत. समोर चहाचा कप असो वा नातवंड, गोष्ट संपेपर्यंत ते हात खाली येत नसत. नागोठण्याजवळ, अंबा नदीच्या काठी त्यांचे घर होते. कुवेतच्या एका कंपनीत उमेदीची सारी वर्षे काढून ते परतले, तेव्हा बॅगांबरोबर ही सवयही घेऊन आले. मी जवळच्या शाळेत इतिहास शिकवतो, एवढ्या पात्रतेवर त्यांनी मला आपला शस्त्रतज्ज्ञ नेमले होते.

बंदुकीचे मूळ कुवेतच्या खोलीत होते. तेथे त्यांच्याबरोबर केरळचा कोया नावाचा फिटर राहत असे. शिफ्ट संपली की दोघे आपापल्या घराचे वैभव सांगत. कोयाच्या दारात म्हणे हत्ती झुले. चाचांकडे सांगण्यासारखी आजोबांची एक ठासणीची बंदूक होती. भातातली डुकरे हाकलण्यासाठी ठेवलेली, एकनळी, आणि फार पूर्वीच सरकारजमा झालेली. हत्तीपुढे ती तोकडी पडू लागली. "एक नळी आजोबांची, मास्तर," त्यांनी मला पुढे कबूल केले, "दुसरीला कुवेतमंदी कोंब फुटला." हळूहळू तिला चकमकही लाभली आणि दरवाजाच्या वरची मानाची जागाही.

मग धाकट्या मुलीचे लग्न ठरले आणि कोयाचा फोन आला. तो लग्नाला येणार होता, आणि बंदूक पाहिल्याशिवाय जेवणार नव्हता. चाचांच्या हाती दोन महिने होते. सारी हयात ज्याने आपल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला, त्या एकुलत्या मित्रापुढे खोटे ठरण्याची त्यांना धास्ती होती. बंदूक पुरात वाहून गेली असे सांगा, असे मी सुचवले. "पुराची गोष्ट पण सांगून झालीय," ते म्हणाले. "ती डोक्यावर घेऊन मी माळ्यावर चढलो होतो."

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे बाजूला बसवलेल्या हातोडीच्या, जबड्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी उडते आणि दारू पेटते. पुढे स्फोटक टोपीवर ठोका मारून दारू पेटवणारी टोपीची बंदूक आली आणि ही गारगोटी गेली. दुनळी चकमकीत मात्र ही सारी रचना दोनदा, दोन बाजूंना हवी. म्हणून ती दुर्मीळ आणि महाग. रोह्याच्या एका जुन्या सामानवाल्याकडे दुनळी मिळाली, पण ती टोपीची निघाली. मुंबईच्या व्यापाऱ्याने फोनवर किंमत सांगितली, तेव्हा चाचांनी अतिशय अदबीने विचारले, "आणि एका नळीचे किती?" त्यातून परवान्याची अडचण होतीच.

शेवटी आम्ही गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या जोह्याला गेलो. तेथला नामदेव मूर्तिकार माझा जुना विद्यार्थी. मी प्रमाणबद्ध आकृती काढून दिली. त्याने लाकडाचा दस्ता कोरला, लोखंडी नळ्या बसवल्या आणि घोड्याचे सारे भाग साच्यातून काढले. फक्त हाताच्या सवयीने त्याने कडेला सोनेरी पट्टा मारला व खडे चिकटवले. "अरे, हिला विसर्जनाला न्यायची नाय," चाचा म्हणाले, "भिंतीवर टांगायचीय." मग काळा रंग आला. मी सात मुद्द्यांची यादी करून बंदूक तपासली आणि सातही मुद्द्यांवर ती उत्तीर्ण केली.

लग्नाच्या दिवशी कोया आला. त्याने चपला काढल्या, चाचांना मिठी मारली आणि सरळ हात वर करून बंदूक उतरवली. फिटरची बोटे ती. त्याने उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी पाहिली. चाचांचे दोन्ही डोळे त्या दिवशी टक्क उघडे होते.

"भाई," कोया शांतपणे म्हणाला, "इससे तो तेरा दादा ही मरता."

नामदेवने एकच साचा दोनदा वापरला होता. उजव्या बाजूचा घोडा डाव्या बाजूला बसवल्यामुळे तो पुढे आपटण्याऐवजी मागे, नेम धरणाऱ्याच्या गालाकडे झेपावत होता. दोष माझाच. मी आकृती फक्त उजव्या बाजूची काढली होती, आणि सातही मुद्दे त्याच बाजूने तपासले होते.

चाचा सतरंजीवर बसले आणि त्यांनी सगळे सांगून टाकले: एक नळी, डुकरे, सरकारजमा, पूर. कोया बंदूक मांडीवर घेऊन ऐकत राहिला. मग तो खाली पाहत म्हणाला, "हाथी भी हमारा नहीं था. दरवाजे से बस गुजरता था."

दोघे इतके हसले की नवरी बाहेर येऊन पाहू लागली. बिर्याणीची ताटली हातात घेऊन उभ्या असलेल्या नामदेवला प्रकरण समजले, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "हत्तीचा साचा हाय आमच्याकडं. दीड फुटी पायजे का तीन फुटी?" परतीच्या गाडीत कोयाच्या मांडीवर दीड फुटी हत्ती होता.

चाचा जाऊन आता दोन वर्षे झाली. बंदूक त्यांच्या मुलीने शाळेला दिली. तो घोडा दुरुस्त करण्याची माझी इच्छा चाचांनी हयातीतच मोडून काढली होती. "सरळ करू नका, मास्तर. त्याच्यामुळं मी सुटलो."

मी फळ्यावर आता कोणतीही वस्तू दोन्ही बाजूंनी काढतो. दरवर्षी सातवीच्या वर्गापुढे ती बंदूक ठेवतो आणि चूक शोधायला सांगतो. कोणीतरी शोधतेच, आणि मग विचारते, "सर, असं झालं कसं?" मी व्यवस्थित, क्रमाने सांगू लागतो. पण मुले गोष्टीत कोया येण्याच्या आधीच हसू लागतात. तेव्हा माझ्या ध्यानात येते की माझा डावा डोळा मिटलेला आहे आणि खडूसकट दोन्ही हात उजव्या खांद्याशी गेले आहेत.