संडास किती पावलांवर

इथे आखातात, इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात माझ्या ओळखीचे एक गाववाले कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, पलंग आणि ओटे बसवतात. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एशियन टाउन या कामगारांच्या बाजारात चहा पिताना ते माझ्यापुढे फोन धरायचे. त्यावर परदेशातली, कॅरव्हॅन लावून राहायची मैदानं असत. गाडी फेरीबोटीत चढवायची आणि बायकोला घेऊन तिथे सुट्टीला जायचं, ही त्यांची हौस. त्यांच्या पगारात कॅरव्हॅनचं चाकही आलं नसतं, पण ते मी कधी बोललो नाही. इंग्रजी मजकूर मी वाचून दाखवायचो. समुद्र, झाडं यांकडे त्यांचं लक्षच नसायचं.

"संडास किती पावलांवर आहे, भाऊ? तिचे गुडघे गेलेत."

मी नकाशावरून अंदाजाने सांगायचो. पन्नासच्या वर आकडा गेला की "खलास" म्हणून ते पुढचं मैदान काढायचे.

गेल्या महिन्यात गावी त्यांची बायको वारली. त्यांना जायला सुट्टी मिळाली नाही. तिला स्मशानात नेलं, तेही त्यांनी याच फोनवर पाहिलं.

काल ते पुन्हा चहाला आले. बसताच त्यांनी फोन पुढे केला. आम्ही सगळ्यात आधी बाद केलेलं मैदान होतं ते.

"हेच बघा," ते म्हणाले. "आता लांब असला तरी चालेल."