भिंगारच्या बोर्डापुढे नामदेव

कर्जतहून नगरची पहिली एसटी धरली तेव्हा नामदेव खिडकीशी असा ताठ बसला होता, जणू गाडी त्यालाच चालवायची होती.

नामदेव माझा धाकटा भाऊ. पासष्टच्या लढाईत उजव्या गुडघ्यात तुकडा घुसला, फौज सुटली, अपंगत्वाची पेन्शन लागली. पुढं फेरतपासणीत डॉक्टरांनी अपंगत्वाचे टक्के कमी केले आणि पेन्शन बंद. का? तर "कसं आहे?" असं विचारल्यावर हा गडी खाडकन सलाम ठोकून म्हणाला, "ठीक है, साब." धन्य आहे! अपील केलं म्हणून भिंगारला पुन्हा बोर्ड (डॉक्टरांचं मंडळ) बसणार होतं. इथंही नाही म्हणाले तर त्याला त्या गुडघ्यानिशी दुष्काळी कामावर जावं लागणार होतं.

मिरजगावच्या पुढं गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बायाबापड्या खडी फोडत होत्या. नामदेवनं तिकडं पाहिलंच नाही. बाभळीखाली बसून आम्ही शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रश्शात शिजवलेली वेटोळी) खाल्ले.

"आज दुखतंय म्हणून सांगायचं," मी बजावलं.

"सायबापुढं रडायचं व्हय, अक्का?"

"रडू नको. खरं बोल."

नगरहून टांगा केला. भिंगारच्या लष्करी छावणीतले रस्ते स्वच्छ झाडलेले, कडुनिंबांच्या बुंध्यांना चुना. ते पाहताच आमच्या फौजीचं लंगडणं पळालं, छाती पुढं आली. 

दवाखान्यात मी पडद्याबाहेर बाकावर बसले.

"कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठीक है, साब."

मी कपाळावर हात मारला.

"बरं. बूट काढा."

आत खुर्ची करकरली, बूट फरशीवर घासला. मग नामदेवचा बारीक आवाज आला, "वाकता येत न्हाई, साब. घरची काढती."

"कधीपासून?"

पेन्शन आजपासून मिळणार की बंद झाल्या दिवसापासून, ते याच उत्तरावर होतं.

"जखम झाली तवापासून. मागल्या बोर्डालाबी असंच हुतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"ठीक म्हनायची सवय हाय, साब."

डॉक्टर हसले नाहीत. "बंद झाल्या दिवसापासून द्यावी, अशी शिफारस करतो," म्हणाले. निकाल टपालानं यायचा होता.

परतीच्या गाडीत त्यानं पाय समोरच्या सीटखाली लांब केला. मग हळूच म्हणाला, "अक्का, गुडघा लई दुखतोय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पेन्शनीचं होईल ते होईल, पण इतकं दुखतं हे त्यानं आमच्यापासूनही लपवलं, याचं मला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. मी त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"अगं, तू थोरली. पाय लागतोय तुला."

"लागू दे," मी म्हटलं, आणि कर्जत येईपर्यंत सोडला नाही.