पारूबाईची अर्धी वाकळ

हे मी लिहिणारच नव्हते. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. वाटलं, बोटं दुखणाऱ्या बाईबद्दल कोण वाचतंय? पण काल पारूबाईला भेटून आले आणि डोकं असं सणकलंय की आता थांबवत नाही.

पारूबाई आमच्या वडवणीतली वाकळ शिवणारी. जुन्या लुगड्यांचे थर लावून असे बारीक टाके घालायची की उलटी बाजू कोणती, सुलटी कोणती, कळायचं नाही. गल्लीतलं प्रत्येक बाळ तिच्याच वाकळीत गुंडाळलेलं. आता तिच्या लेकीचं, आम्रपालीचं, पहिलं बाळंतपण. दिवस गेल्याचं कळलं तसं पारूबाईनं बाळाच्या वाकळीसाठी स्वतःचं मऊ लुगडं काढून ठेवलं. आणि तेव्हाच बोटं सुजली. सकाळी मूठच वळेना. संधिवात.

झालं! सल्ल्याला काय तोटा! शेजारची मनकर्णा निर्गुडीचा पाला घेऊन आली. गल्लीतला रामहरी म्हणाला, रुईचं पान तेल लावून बांध. जाऊ म्हणाली, उपाशीपोटी मेथ्या गिळ. पारूबाईला कुणाचं मन मोडवत नाही, आणि सांगणारा दुसऱ्या दिवशी बघायलाही येणार! मग एका सकाळी उजव्या हाताला रुई, डाव्या हाताला हळद-चुना, तोंडात मेथ्या.

"पारू, तोंड का वाकडं गं?" मनकर्णानं विचारलं.

"मेथ्या हायत्या. हसवू नकू, ठसका लागंल."

"आन् माझा पाला?"

"हात दोनच हायेत बाई! तुजा पाला काय डोक्याला बांधू?"

हसल्या दोघी. पण कशानं बरं वाटलं, कशानं नाही, हे कळणार कसं?

मग लेकानं, संजयनं, आठवडी बाजारातून बिननावाच्या पुड्या आणल्या. "आई, निव्वळ जडीबुटी हाय. काई होत न्हाई." आणि खरंच जादू! आठवडाभरात मूठ वळली. पारूबाई गल्लीभर बोटं नाचवत फिरली. अर्धी वाकळ झाली. मग हळूहळू तोंड सुजलं, पाय सुजले. बीडच्या डॉक्टरनं पुडी बघितली आणि कपाळाला हात लावला. "ह्यात स्टेरॉइड मिसळलेलं दिसतंय, मावशी." पुडी सुटली, गोळ्या सुरू झाल्या, पण दुखणं दुपटीनं परत आलं.

घरी येऊन तिनं पाल्याची टोपलीच अंगणात भिरकावली. "रानातलं हाय म्हणून गुणाचंच आसतंय व्हय? धोतरा बी रानातच उगवतो की!"

राग उतरल्यावर निर्गुडी तेवढी परत उचलली, तीही डॉक्टरला विचारून. आता गोळी घ्यायची, पाला उकळलेल्या कोमट पाण्यात हात बुडवून मूठ हळूहळू उघडायची, मिटायची. आजार काही जात नाही त्यानं, पण आखडलेली बोटं दुपारपर्यंत जरा सैल होतात. तेवढ्या वेळात शिवायला बसायचं. आणि अडतं कुठं? सुईच्या नाकात! दोरा ओवताच येत नाही. संजय तर पहाटेच कामावर जातो, आम्रपाली अजून सासरीच.

काल माझ्यासमोर एक बाई आली, दारातूनच म्हणाली, "पारूबाई, लसूण खाऊन बघ."

"लसूण ऱ्हाऊ दे, एवढी सुई ओव की माय."

"आत्ता न्हाई बाई, दूध उतू जाईल!"

गेली! उपाय सांगायला वेळ आहे, सुई ओवायला नाही. लई संताप आला मला. पारूबाई मात्र वाकळीवरून हात फिरवत बसली. "संजय म्हनतो, इकत आणू. इकतच्या वाकळीत आजी आसती व्हय?"

मी होत्या तेवढ्या सुया ओवून आले. पण आज मी बीडला, कॉलेजात. तो दोरा पुरणार किती?

म्हणून सांगते, वडवणीत असाल, बाजाराला येणार असाल, तर पारूबाईकडे जाच. पाला नको, तेल नको, मोबाइलातला व्हिडिओ तर अजिबात दाखवू नका. नुसतं बसा तिच्याजवळ आणि उठताना सुया ओवून उशीला टोचून ठेवा. आम्रपालीचे दिवस भरत आलेत. याच आठवड्यात जा.