एकेचाळीस नंबरच्या खणातली चिठ्ठी

वर्नेल स्टॅमीने एकतीस वर्षं मोज्यांची तोंडं शिवली. यंत्रातून विणून आलेला मोजा बोटांपाशी उघडा असतो, तो बंद करायचा. तिची शिवण इतकी सपाट असायची की आतून बोट फिरवलं तरी लागायची नाही. एवढ्या वर्षांत तिने मॅनेजरला एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मी तिच्या शेजारच्या मशीनवर होते, त्यामुळे तिच्या वाटची उलट उत्तरंही मलाच द्यावी लागायची.

गिरणी बंद होणार हे आम्हाला मार्चमध्ये कळलं. कारण काय, तर म्हणे मागणी नाही. आणि त्याच आठवड्यात आम्हालाच मशीनं पुसायला, तेल घालायला आणि लाकडी खोक्यांत भरायला लावलं. मी मॅनेजरला विचारलं, "मागणी नाही, तर ही नटवून कुठे पाठवताय?"

"भंगारात. ग्लेंडा, तू खिळे ठोक."

भंगाराला तेल घालणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

आमच्याकडे, नॉर्थ कॅरोलायनातल्या मोज्यांच्या गिरण्यांत, एक रीत होती. मशीन सोडणारी बाई पुढच्या बाईसाठी मशीनच्या खणात चिठ्ठी ठेवून जायची. कुठली सुई रुसते, कुठे हात हलका ठेवायचा, असलं काहीबाही. वर्नेलने तिच्या एकेचाळीस नंबरच्या मशीनच्या खणात चिठ्ठी ठेवली. दोऱ्याची वाट चित्र काढून दाखवली, खाली घरचा पत्ता घातला आणि लिहिलं, अडलं तर कळव.

"बये, तोंडचा घास काढून नेताहेत आणि तू त्यांना वाढायला बसलीस?" मी म्हटलं.

"मशीनवर बसणारी काही मालकीण नसते गं," ती म्हणाली आणि खण लावून टाकला.

सरकारची एक योजना आहे. काम परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी जाते, त्यांना नवं काही शिकण्याचा खर्च आणि तोवर भत्ता. वर्नेलला नर्स व्हायचं होतं, बावन्नाव्या वर्षी. आईच्या शेवटच्या आजारपणात तिने सगळं हाताने केलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या मनाने हे घेतलं होतं. कॉलेजचं माहितीपत्रक तिने फ्रिजवर लावलं. अर्जाला तीन कामगारांच्या सह्या लागतात. तिची, माझी आणि पॅकिंगमधल्या एकीची, अशा आम्ही दोनशे जणांच्या वतीने सह्या ठोकल्या.

नकार आला. उत्पादन परदेशी गेल्याचं आढळत नाही. मशीनं भंगारात काढल्याचं कंपनीने कळवलं आहे. म्हणजे चौकशी केली ती कंपनीकडेच! ज्याने घर लुटलं त्यालाच विचारायचं, काय हो, चोरीबिरी झाली का? आणि तो नाही म्हणाला की वही मिटायची. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. फेरविचार मागायला तीस दिवस होते.

सव्विसाव्या दिवशी वर्नेलला होंडुरासहून पाकीट आलं. आत तिचीच चिठ्ठी होती आणि मागच्या बाजूला स्पॅनिशमध्ये मजकूर. माझी शेजारीण मेक्सिकोची, कोंबड्यांच्या कारखान्यात जाते, तिने वाचून दाखवला. "ताई, एकेचाळीस नंबर माझ्याकडे आलंय. तुमच्या चित्रामुळे दोरा चढवता आला. पण शिवणीच्या टोकाला गाठ धरते. सुपरवायझर रोज ओरडतो. काय करू?" खाली पूर्ण नाव आणि गिरणीचा पत्ता. ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

मी तर नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या योजनेच्या कार्यालयात गेलो. टेबलामागे एक तरुण, गोड बोलणारी बाई होती.

"मिस वर्नेल, हा फार चांगला पुरावा आहे. मी कंपनीला पाठवून त्यांचं म्हणणं मागवते."

"तिच्या नावासकट?"

"कागद आहे तसाच पाठवावा लागतो. नाव कापलं तर कोणीही लिहिलं असेल, असं म्हणतील."

"तिला काढून टाकतील हो."

"तिथलं काही आमच्या हातात नाही, मॅडम."

वर्नेलने पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. मग कोरा कागद मागून तिथेच लिहिलं, एकेचाळीस नंबर होंडुरासमध्ये चालू आहे हे मी शपथेवर सांगते, कोणाकडून कळलं ते सांगणार नाही. खाली सही केली.

गाडीत बसल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "कोण कुठली बाई! तिच्यापायी आपल्या दोनशे जणांवर पाणी सोडतेस? तुझं नर्सिंग गेलं, माझा भत्ता गेला!"

तिने पर्स मांडीवर घेतली. "तिची नोकरी गेली तर तिला कुठली योजना आहे, ग्लेंडा?"

मला आणखीच राग आला. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. दुसरा नकार एका ओळीचा होता. नवीन पुरावा नाही. ते वाचल्यावर मात्र मी तडक तिच्या घरी गेले. शेगडीवर घेवडा शिजत होता, मक्याचा पाव तयार होता. फ्रिजवर माहितीपत्रक नव्हतं. टेबलावर ती चित्र काढत बसली होती. दोऱ्याचा ताण कुठे सैल करायचा, मोजा सोडताना अंगठा कुठे ठेवायचा.

"अजून हेच चाललंय?"

"गाठ धरते म्हणाली ना ती. बस, जेवून जा."

आता वर्नेल वृद्धाश्रमाच्या धोबीघरात चादरींच्या घड्या घालते. नर्सा वरच्या मजल्यावर असतात.

गेल्या महिन्यात दुकानात मला आमच्याच गिरणीच्या नावाचे मोजे दिसले, होंडुरासमध्ये बनलेले. मी तिथेच एक मोजा उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. गाठ नव्हती. शिवण बोटाला लागलीसुद्धा नाही. नोकऱ्या गेलेल्या आम्हा दोनशे जणांना नवं काम शिकवायची एवढी मोठी योजना होती. त्या सगळ्यात काम शिकली ती एकच बाई, आणि तिला शिकवलं वर्नेलने.